समान कामाला समान वेतन : खान्देशातील कामगार स्त्रियांनी हक्काची मागणी कशी करावी

खान्देशात मजुरी ठरवताना आजही बहुतेक ठिकाणी दोन आकडे सांगितले जातात. एक गड्यांचा रोज आणि दुसरा बायांचा रोज. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल असो, चटईचा कारखाना असो, धुळे जिल्ह्यातील जिनिंग असो किंवा रावेर-यावलकडची केळीची बाग असो, हे दोन आकडे इतक्या सहजपणे उच्चारले जातात की ते कायद्याच्या विरुद्ध असू शकतात, हे मालकालाच काय, पण काम करणाऱ्या स्त्रीलाही अनेकदा जाणवत नाही. वास्तविक, एकाच मालकाकडे एकाच स्वरूपाचे काम करणाऱ्या स्त्रीला केवळ ती स्त्री आहे म्हणून कमी वेतन देणे १९७५-७६ पासून आपल्या देशात बेकायदेशीर आहे.

या लेखात तक्रारीचा संपूर्ण मार्ग क्रमाने दिला आहे. मात्र अशा प्रकरणांत कायद्याच्या शब्दांवर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो काम सारखे आहे की नाही यावर, आणि बहुतेक तक्रारी तेथेच अडखळतात. म्हणून वेतनाविषयी एक शब्दही बोलण्यापूर्वी कामाची नोंद तयार असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि या लेखाचा मोठा भाग मी त्याच विषयाला दिला आहे.

कायदा आज कोणता आहे

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (घ) मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन मिळावे, असे राज्याला दिलेले मार्गदर्शक तत्त्व आहे. भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा समान मोबदल्याविषयीचा १०० क्रमांकाचा करार १९५८ मध्ये स्वीकारला. पुढे १९७५ या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये समान वेतन अधिनियम संमत झाला. जवळजवळ पन्नास वर्षे हाच कायदा लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून मात्र वेतन संहिता, २०१९ अमलात आली आणि १९७६ चा कायदा तिच्यात विलीन झाला. त्यामुळे आज अर्ज करताना आधार घ्यायचा तो वेतन संहितेच्या कलम ३ चा. थकबाकी त्या तारखेच्या आधीच्या काळातील असेल, तर तो काळ अर्जात वेगळा दाखवून त्यासाठी जुन्या कायद्याचाही उल्लेख करावा, कारण कायदा रद्द झाला म्हणून त्याखाली आधीच निर्माण झालेला हक्क नष्ट होत नाही.

कलम ३ मध्ये तीन गोष्टी आहेत. एकाच मालकाच्या आस्थापनेत समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी वेतनाच्या बाबतीत लिंगाच्या आधारे भेदभाव करता येणार नाही. वेतन समान करण्याच्या नावाखाली कोणाचाही दर कमी करता येणार नाही, म्हणजे ‘ठीक आहे, मग गड्यांचाही रोज खाली आणतो’ असे मालकाला म्हणता येत नाही. तसेच भरती करताना आणि नोकरीच्या अटी ठरवतानाही असा भेदभाव चालणार नाही. ज्या कामावर स्त्रियांना नेमण्यास अन्य कायद्याने बंदी किंवा मर्यादा आहे, तेवढाच अपवाद. संहितेत ‘स्त्री व पुरुष’ याऐवजी ‘लिंग’ असा व्यापक शब्द असल्याने तृतीयपंथी कामगारांनाही या तरतुदीचा आधार घेता येतो. १९७६ च्या कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने पदोन्नती, प्रशिक्षण आणि बदली या बाबींचा नावानिशी उल्लेख आलेला होता. नव्या संहितेत तो तसा राहिलेला नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

संहिता केवळ कारखान्यातील अंगमेहनतीच्या कामगारांसाठी नाही. खासगी रुग्णालयातील परिचारिका, शोरूममधील विक्रेती, हिशेबनीस, सुपरवायझर आणि व्यवस्थापक या सर्वांना ती लागू आहे. शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवार मात्र तिच्या व्याख्येत येत नाहीत.

पहिली पायरी : तुलना कोणाशी करायची ते ठरवा

तुलनेसाठी त्याच मालकाकडे काम करणारा पुरुष हवा. शेजारच्या मिलमध्ये पुरुषाला जास्त मिळते, हा मुद्दा या कायद्याखाली उपयोगाचा नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडण्याच्या कामाला केवळ स्त्रियाच असतील आणि त्या कामावर एकही पुरुष नसेल, तर समान वेतनाची तक्रार उभी राहणे कठीण आहे. अशा ठिकाणी किमान वेतनाची मागणी करावी, कारण किमान वेतनाच्या दरात स्त्री आणि पुरुष असा फरक करता येत नाही आणि त्या मागणीसाठी तुलनेला पुरुषाची गरज नसते.

तुलना योग्य असेल तर आता काम तपासावे. संहितेच्या व्याख्येनुसार कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी या चार गोष्टी सारख्या असल्या आणि कामाची परिस्थितीही सारखी असली, तर काम समान स्वरूपाचे मानले जाते. थोडाफार फरक असला तरी तो व्यवहारात महत्त्वाचा नसेल, तर त्याला किंमत नाही.

समजा, एका डाळ मिलच्या पॅकिंग विभागात चार स्त्रिया आणि दोन पुरुष आहेत. सर्वजण पोते काट्यावर लावतात, वजन पाहतात, शिलाई यंत्राने पोत्याचे तोंड शिवतात आणि शिक्का मारतात. स्त्रियांना ४०० रुपये रोज आणि पुरुषांना ५०० रुपये. कारण विचारल्यावर मालक सांगतो, की गडी पोते उचलू शकतो. आता प्रश्न असा आहे, की तो प्रत्यक्षात किती वेळा उचलतो. थप्पी लावण्यासाठी हमाल स्वतंत्र असतील आणि पॅकिंगचे पुरुष संध्याकाळी कधीतरी दोन-चार पोती सरकवत असतील, तर हा फरक किरकोळ आहे आणि शंभर रुपयांच्या तफावतीचे समर्थन त्यातून होत नाही. उलट, तेच पुरुष रोज अर्धा दिवस पन्नास-पन्नास किलोची पोती वाहत असतील, तर काम वेगळे आहे आणि तक्रार टिकणार नाही. दोन्ही शक्यता प्रामाणिकपणे तपासून मगच पुढे जावे.

या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ मधील मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा हा निकाल आजही मार्गदर्शक आहे. मुंबईतील त्या कंपनीत स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत होते. कंपनीने कामगार संघटनेशी झालेल्या कराराचा आणि स्वतःच्या आर्थिक अडचणीचा आधार घेतला. न्यायालयाने दोन्ही कारणे नाकारली. काम समान आहे का हे पाहताना व्यापक दृष्टी ठेवावी, क्षुल्लक फरकांवरून समानतेचा दावा फेटाळू नये आणि कामगार प्रत्यक्षात कोणते काम करतो ते पाहावे, तो कोणते काम करू शकला असता ते नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ‘गडी उचलू शकतो’ या युक्तिवादाला याहून नेमके उत्तर नाही.

वेतनातील प्रत्येक फरक मात्र बेकायदेशीर नसतो. दहा वर्षांचा जुना कारागीर आणि मागील महिन्यात आलेली कामगार यांच्यातील फरक, अथवा सर्वांना सारख्याच लागू असलेल्या उत्पादनाधारित दरामुळे पडलेला फरक कायद्यात बसतो. कापूस वेचणीला किलोमागे एकच दर असेल आणि कोणी जास्त वेचला म्हणून त्याला जास्त पैसे मिळाले, तर त्यात भेदभाव नाही.

शेतीतील रोजंदारीत कामाच्या तासांचा मुद्दा नेहमी पुढे येतो. स्त्रिया घरचे आवरून उशिरा येतात, म्हणून त्यांना कमी रोज, असे सांगितले जाते. अशा वेळी ताशी दर काढावा. स्त्रीने सहा तास काम करून २५० रुपये घेतले आणि पुरुषाने तेच निंदणीचे काम आठ तास करून ४०० रुपये घेतले, तर पुरुषाचा ताशी दर ५० रुपये होतो. त्या दराने सहा तासांचे ३०० रुपये व्हायला हवेत. म्हणजे उशिरा येण्याचा फरक वजा केल्यावरही ५० रुपये केवळ स्त्री असल्यामुळे कापले गेले.

दुसरी पायरी : पुरावा गोळा करा

एक साधी वही करावी. त्यात रोजची तारीख, शिफ्ट, कोणत्या यंत्रावर काम केले, सोबत कोण होते, कोणी कोणते काम किती वेळ केले आणि हातात किती रक्कम आली, हे त्याच दिवशी लिहावे. एक-दोन महिन्यांच्या अशा सलग नोंदी नंतर आठवून लिहिलेल्या दहा पानांपेक्षा जास्त विश्वासार्ह ठरतात. लिहिता येत नसेल तर घरातील मुलीकडून किंवा सोबतच्या कामगाराकडून लिहून घ्यावे. नोंद कोणी लिहिली, याने तिचे मोल कमी होत नाही.

पुरुष जास्त उचलतात, जास्त वेळ थांबतात किंवा यंत्राची दुरुस्ती करतात, असे मालक म्हणण्याची शक्यता असल्यास या तीन गोष्टींची नोंद विशेष काळजीने ठेवावी. ज्या दिवशी पुरुषाने खरोखर वेगळे काम केले, तेही लिहावे. केवळ सोयीच्या नोंदी असलेली वही उलटतपासणीत लगेच उघडी पडते.

याशिवाय पगार स्लिप, बँकेचे पासबुक, पीएफचे पासबुक, हजेरी कार्ड, नेमणूक पत्र आणि सुपरवायझरने मोबाइलवर पाठवलेले शिफ्टचे संदेश जपून ठेवावेत. वेतन संहितेच्या कलम ५० नुसार मालकाने नोंदवही ठेवणे आणि कामगाराला वेतनाची स्लिप देणे बंधनकारक आहे; शेती किंवा घरकामासाठी पाचपेक्षा जास्त माणसे न ठेवणाऱ्या मालकालाच यातून सूट आहे. स्लिप मिळत नसेल तर ती लेखी मागावी. मागूनही न मिळणे हादेखील तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

पुरुष सहकाऱ्याचा पगार कळणे हा अवघड भाग असतो. त्याची स्लिप त्याला न विचारता घेऊ नये. त्याने स्वखुशीने दाखवली किंवा साक्ष देण्याची तयारी दर्शवली तर उत्तम, अन्यथा नोंदवही समोर आणण्याची मागणी अधिकाऱ्याकडे करता येते. जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा अन्य सार्वजनिक प्राधिकरणात काम असेल तर मार्ग सोपा आहे, कारण माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक अधिकारी व कर्मचाऱ्याचे मासिक वेतन प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करायचे असते.

तिसरी पायरी : फरकाचा हिशेब मांडा

वरच्या उदाहरणात रोजचा फरक १०० रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस धरले तर २,६०० रुपये, वर्षाचे ३१,२०० आणि तीन वर्षांचे ९३,६०० रुपये. एवढ्यावर थांबू नये. समान वेतनाच्या हिशेबात वाहतूक भत्ता, घरभाडे भत्ता आणि ओव्हरटाइम हेही वेतनाचा भाग धरावेत, असे संहितेतच म्हटले आहे. मूळ वेतन सारखे दाखवून पुरुषांना भत्त्यांतून जास्त देण्याची युक्ती या तरतुदीमुळे चालत नाही. मूळ दर कमी असल्याने बोनस आणि पीएफही कमी पडला असेल, तर तो फरक स्वतंत्र ओळीत लिहावा.

चौथी पायरी : मालकाला लेखी कळवा

अर्जापूर्वी मालकाला पत्र देणे कायद्याने अनिवार्य नाही, तरीही ते द्यावे असे मी सुचवेन. काही मालक तेथेच दर दुरुस्त करतात, आणि ज्यांनी केला नाही त्यांना ‘आम्हाला माहीतच नव्हते’ असे नंतर म्हणता येत नाही. पत्राची भाषा साधी असावी. नमुना असा :

‘मी आपल्या मिलमध्ये पॅकिंग विभागात अमुक तारखेपासून काम करते. याच विभागात, याच शिफ्टमध्ये काट्यावर वजन करणे, पोती शिवणे व शिक्का मारणे हेच काम करणाऱ्या पुरुष कामगारांना ५०० रुपये रोज दिला जातो व मला ४०० रुपये दिला जातो. वेतन संहिता, २०१९ च्या कलम ३ नुसार मला समान दराने वेतन द्यावे व मागील कालावधीचा फरक अदा करावा, तसेच या पत्राचे उत्तर पंधरा दिवसांत लेखी द्यावे, ही विनंती.’

पत्रात आरोप, राग किंवा कोणाची व्यक्तिगत निंदा नसावी. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नाकारली तर पोस्टाने नोंदणीकृत पाठवून पावती ठेवावी. शक्य असेल तर विभागातील सर्व स्त्रियांनी मिळून सही करावी. एकटी स्त्री मालकाच्या नजरेत येते, सहा जणी आल्या तर विषय दराचा राहतो. स्त्रिया ठेकेदारामार्फत कामावर असतील तर पत्र ठेकेदार आणि मूळ मालक या दोघांनाही द्यावे.

शेतमजुरीत मात्र रोज वेगळ्या बांधावर काम असते, हजेरीपट नसतो, आणि ज्याच्याकडे उचल घेतली त्याच्याविरुद्ध अर्ज करणे गावात राहून सोपे नसते. तेथे हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील सर्व मजूर स्त्रियांनी एकत्र बसून निंदणी, वेचणी आणि काढणीचा दर ठरवणे अधिक परिणामकारक ठरते, असे मला वाटते. शहादा-तळोदा परिसरात १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने आदिवासी शेतमजुरांना, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रियांना, याच मार्गाने संघटित केले होते.

पाचवी पायरी : योग्य कार्यालयात दावा दाखल करा

खासगी कारखाना, दुकान, रुग्णालय किंवा शेतीविषयीचा दावा राज्याच्या कामगार विभागाकडे जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी यांच्या कार्यालयात चौकशी करून अर्जाचे विहित प्रपत्र तेथूनच घ्यावे. रेल्वे, बँका, विमा कंपन्या आणि केंद्र सरकारचे उद्योग यांच्याबाबत मात्र केंद्राच्या कामगार आयुक्तांची यंत्रणा सक्षम असते, आणि त्यांच्या ठेकेदारांकडील कामगारही त्यातच येतात. भुसावळच्या रेल्वेतील सफाईचा ठेका किंवा भुसावळ व वरणगाव येथील आयुध निर्माणीतील कंत्राटी काम असेल, तर राज्याच्या कार्यालयात अर्ज देऊन महिने वाया घालवू नयेत. दीपनगरचे वीज केंद्र राज्याच्या कंपनीचे असल्याने तेथील प्रश्न राज्याच्या विभागाकडे जाईल.

वेतन संहितेच्या कलम ४५ नुसार हा दावा स्वतः कामगार, ती सदस्य असलेली नोंदणीकृत कामगार संघटना किंवा निरीक्षक दाखल करू शकतात, आणि एकाच आस्थापनेतील अनेक कामगारांचा मिळून एकच अर्ज करता येतो. मुदत दावा निर्माण झाल्यापासून तीन वर्षांची आहे; सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये, कारण प्रत्येक सरत्या महिन्यागणिक सर्वात जुन्या महिन्याचा फरक हातचा जाण्याचा धोका असतो.

वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

सुनावणीत काय होते

वेतन कमी दिल्याचा दावा असेल, तेव्हा देणे असलेली रक्कम दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेतन संहितेच्या कलम ५९ नुसार मालकावर असते. काम समान स्वरूपाचे होते हे दाखवण्यासाठी मात्र तुमची वही आणि साक्षीदारच कामी येतात. म्हणूनच पहिल्या दोन पायऱ्यांवर इतका भर दिला. काम समान होते की नाही, हा वाद संहितेच्या कलम ४ खाली शासनाने अधिसूचित केलेल्या प्राधिकाऱ्यासमोर निर्णयासाठी जातो. कामाची जागा प्रत्यक्ष पाहण्याची विनंती निरीक्षकांना लेखी करावी; यंत्राजवळ उभे राहून अर्ध्या तासात जे दिसते, ते कागदावर अनेक तारखांतही स्पष्ट होत नाही.

कलम ४५ खालील दाव्याचा निर्णय तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न तो दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याने करावा, असे संहिता सांगते. फरकाच्या रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत नुकसानभरपाई मंजूर करण्याचा अधिकार त्याला आहे, म्हणून अर्जात भरपाईची मागणी स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी. कमी वेतन देणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पाच वर्षांत तोच गुन्हा पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद वेगळी आहे.

सुनावणी चालू असताना मालक तडजोडीचा प्रस्ताव ठेवतो. तो स्वीकारायला हरकत नाही, परंतु मागील फरकाची रक्कम आणि पुढचा समान दर हे दोन्ही लेखी असल्याशिवाय सही करू नये. कोऱ्या कागदावर किंवा ‘पूर्ण हिशेब मिळाला’ अशा मजकुरावर अंगठा अथवा सही देऊ नये. तक्रारीचा राग धरून कामावरून काढणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. तसे झाल्यास त्याच आठवड्यात कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि कामावर येण्याची तयारी असल्याचे मालकालाही लेखी कळवावे, म्हणजे तुम्हीच काम सोडले, असे त्याला म्हणता येणार नाही.

जिल्हा परिषद किंवा शासकीय कार्यालयातील कंत्राटी कर्मचारी स्त्रियांसाठी आणखी एक मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या निकालात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू केले. त्याआधारे उच्च न्यायालयात याचिका करता येते. खान्देशातील तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाच्या कक्षेत येतात.

निर्णयानंतर

दाव्याचा निर्णय विरोधात गेला तर ९० दिवसांत अपील करता येते. त्यासाठी निर्णयाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागावी. निर्णय बाजूने लागूनही मालकाने पैसे दिले नाहीत, तर प्राधिकाऱ्याकडे वसुली प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. ते प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करून कामगाराला देण्यासाठी प्राधिकाऱ्याकडे जमा केली जाते. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून ते कोणत्या तहसीलकडे पाठवले, हे विचारून त्या तहसील कार्यालयात दर महिन्याला लेखी पाठपुरावा करावा.